सक्ती, श्रेयांक आणि आवड : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे अभ्यासपूरक उपक्रम

बारावीचा निकाल लागतो, महाविद्यालयांतील प्रवेश पार पडतात आणि पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यांत सूचनाफलकांवर नवे कागद झळकू लागतात. राष्ट्रीय सेवा योजनेसाठी नावे नोंदवा, छात्रसेनेची निवड चाचणी अमुक दिवशी, मराठी वाङ्मय मंडळाची पहिली बैठक, एकांकिकेसाठी कलाकार हवेत. नवागत विद्यार्थी हे सारे वाचतो आणि बहुधा दोन प्रश्न मनात घेऊन घरी परततो. यात पडलो तर अभ्यास बुडेल का, आणि याचे गुण मिळतात का? पालकांचे प्रश्नही याहून फारसे वेगळे नसतात.

हे प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यापूर्वी हे उपक्रम कोणते, ते कसे सुरू झाले, त्यांना किती वेळ द्यावा लागतो आणि त्यांतून नेमके काय हाती लागते, हे समजून घेणे आवश्यक आहे. गोव्यातील विद्यार्थी व पालक यांच्यासाठी ही माहिती येथे एकत्रित दिली आहे.

‘अभ्यासेतर’ की ‘अभ्यासपूरक’?

पूर्वी या सर्व उपक्रमांना सरसकट ‘अभ्यासेतर’ म्हटले जात असे. अभ्यास हे मुख्य काम आणि उरल्या वेळात करायचे ते इतर, असा त्यामागील भाव होता. पुढे शिक्षणतज्ज्ञांनी ‘अभ्यासपूरक’ किंवा ‘सहशालेय’ हे शब्द रूढ केले. वर्गात जे मिळते त्याला या उपक्रमांची जोड मिळाली की शिक्षण पुरे होते, असा विचार त्यामागे आहे. या उपक्रमांचे ढोबळमानाने पाच गट पडतात : समाजसेवा, शिस्त व साहस, कला, वाङ्मय व वक्तृत्व, आणि क्रीडा. निसर्ग अभ्यासाची मंडळे, विज्ञान मंडळे आणि विद्यार्थी परिषदेचे कार्य यांचाही यात समावेश होतो.

सक्तीचा जुना वाद

विद्यार्थ्यांनी समाजासाठी काही वेळ द्यावा यावर स्वतंत्र भारतात फारसे दुमत नव्हते. वाद होता तो सक्ती असावी की नसावी याचा. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाच्या काळापासूनच विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक राष्ट्रसेवेचा विचार पुढे आला होता. १९५९ मध्ये केंद्र सरकारने डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर अर्थमंत्री राहिलेले देशमुख तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. माध्यमिक शिक्षण पूर्ण करून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा सक्तीने करावी, अशी शिफारस या समितीने केली. खर्चाचा बोजा आणि अंमलबजावणीतील अडचणी पाहता ती स्वीकारली गेली नाही. पुढच्याच वर्षी प्रा. के. जी. सैयिदैन यांनी अन्य देशांतील व्यवस्थांचा अभ्यास करून सेवा ऐच्छिक असावी असा अभिप्राय दिला.

छात्रसेनेने तर सक्तीचा प्रत्यक्ष अनुभव घेतला. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये छात्रसेनेचे प्रशिक्षण विद्यार्थ्यांना सक्तीचे करण्यात आले. पाच वर्षांतच, १९६८ मध्ये, ते पुन्हा ऐच्छिक झाले. याच सुमारास, १९६७ मध्ये, शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने छात्रसेनेला पर्याय म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेची कल्पना उचलून धरली होती. आज श्रेयांकांच्या निमित्ताने हा जुनाच प्रश्न नव्या रूपात पुढे आला आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

राष्ट्रीय सेवा योजना

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू केली. आरंभी स्वयंसेवकांची संख्या सुमारे ४० हजार होती. ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’ असा तिच्या ब्रीदाचा आशय असून कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथचक्र हे तिचे बोधचिन्ह आहे. २४ सप्टेंबर हा दिवस दरवर्षी योजनेचा दिन म्हणून साजरा होतो.

स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात सहभागी व्हावे, ही योजनेची मूळ रचना आहे. १२० तासांचा आकडा ऐकून दडपण येते. वर्षातील कामाचे सुमारे तीस आठवडे धरले, तर हिशेब आठवड्याला चार तासांचा होतो. साधारणतः शंभर स्वयंसेवकांचे एक पथक असते आणि त्याची जबाबदारी एका कार्यक्रम अधिकाऱ्याकडे, म्हणजे महाविद्यालयातीलच एखाद्या प्राध्यापकाकडे असते.

या योजनेचा गाभा म्हणजे दत्तक गावातील विशेष शिबिर. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, गावातील पाहणी, संध्याकाळी मनोरंजनाचा कार्यक्रम आणि रात्री दिवसाचा आढावा, असा तेथील दिनक्रम. श्रमदानात गावची तळी वा झर उपसणे, वसंत बंधाऱ्यासाठी पोती भरणे, शाळेच्या आवाराची डागडुजी अशी कामे असतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम किरकोळ वाटू शकते. शिबिराच्या आतले शिक्षण मात्र वेगळेच असते. पन्नास जणांचा सात दिवसांचा शिधा किती लागेल, पोती कोण आणणार, पावसाची सर आली तर चूल कुठे मांडायची, गावातील ज्येष्ठांची परवानगी कोणी व कशी मागायची, या प्रश्नांची उत्तरे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींनी स्वतः शोधायची असतात. घरी ताट आयते समोर येणाऱ्या मुलाला भाताचा अंदाज चुकला की काय होते, हे पहिल्याच रात्री कळते. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा तांदूळ मोजून घेतो.

राष्ट्रीय छात्रसेना

पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९४८ च्या कायद्यान्वये छात्रसेना अस्तित्वात आली. मुलींचा विभाग १९४९ मध्ये, हवाई दल शाखा १९५० मध्ये आणि नौदल शाखा १९५२ मध्ये सुरू झाली. ‘एकता आणि अनुशासन’ हे तिचे ब्रीद. गोव्यातील पथके कर्नाटक व गोवा संचालनालयाच्या कक्षेत येतात.

महाविद्यालयीन छात्रांना ‘बी’ आणि ‘सी’ प्रमाणपत्रांच्या परीक्षा देता येतात. त्यासाठी कवायतीची हजेरी आणि शिबिरे यांच्या अटी पूर्ण कराव्या लागतात. ‘सी’ प्रमाणपत्राचे एक ठोस व्यावहारिक महत्त्व आहे. ते किमान ‘बी’ श्रेणीत मिळवलेल्या आणि पदवीला ५० टक्के गुण असलेल्या उमेदवारास, अन्य अटी पूर्ण होत असल्यास, भूदलाच्या विशेष प्रवेश योजनेत लेखी परीक्षेविना थेट निवड मंडळाच्या मुलाखतीसाठी अर्ज करता येतो. सैन्यात न जाणाऱ्यांनाही नकाशावाचन, प्रथमोपचार, नेमबाजी आणि आपत्तीच्या वेळी करावयाचे मदतकार्य यांचे प्रशिक्षण मिळते. पहाटेच्या कवायतीसाठी वेळेवर उठण्याची सवय तर आयुष्यभर उपयोगी पडते.

रंगमंच : गोमंतकीयांचे घरचे विद्यापीठ

गोव्यातील विद्यार्थ्याला नाटक परके नाही. गावच्या जत्रोत्सवात होणारे मराठी नाटक, त्यासाठी महिनाभर आधी रंगणाऱ्या तालमी आणि विंगेत उभे राहून संवाद सांगणारा जाणता प्रॉम्प्टर हे चित्र त्याने बालपणापासून पाहिलेले असते. भजन, घुमट आरती, फुगडी यांचे संस्कारही घरातून होतात. १९७० मध्ये स्थापन झालेल्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धांनी आणि भजन स्पर्धांनी या उत्सवी परंपरेला व्यासपीठ दिले. त्यामुळे महाविद्यालयाच्या एकांकिकेत काम करणारा आपला विद्यार्थी शून्यापासून सुरुवात करीत नाही.

महाविद्यालयीन रंगमंचाचे सामर्थ्य पाहायचे तर पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाचे उदाहरण घ्यावे लागेल. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवते. मराठी रंगभूमीवरील अनेक नामवंतांनी आपली पहिली पावले अशाच स्पर्धांतून टाकली. डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे हे दोघेही वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी. एक बालरोगतज्ज्ञ झाले, दुसरे मानसोपचारतज्ज्ञ. विद्यार्थिदशेत जडलेली नाटकाची आवड त्यांनी व्यवसाय सांभाळून जोपासली आणि मराठी रंगभूमीचा एक कालखंड घडवला. ‘नाटकाच्या नादी लागला तर डॉक्टर कसा होणार?’ असे विचारणाऱ्या पालकांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे.

याच स्पर्धेची आणखी एक गोष्ट बोलकी आहे. २०२२ मध्ये अंतिम फेरीतील एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही, असे ठरवून परीक्षकांनी तो कोणालाच दिला नाही. त्यावर बरीच चर्चा झाली, नाराजीही उमटली. परंतु सहभागी झाला म्हणून प्रत्येकाला काहीतरी मिळालेच पाहिजे, असे न मानणारी जागा तरुणांच्या आयुष्यात असणे हिताचे असते. आपले काम कुठे कमी पडले हे विचारण्याची सवय तेथेच लागते.

नाटकात अभिनयाखेरीज पुष्कळ कामे असतात. नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, वेशभूषा, रंगभूषा, रंगमंच व्यवस्था यांपैकी कोणतेही काम लाजऱ्याबुजऱ्या विद्यार्थ्यालाही घेता येते. प्रकाशयोजना पाहणाऱ्याचा एक क्षण चुकला तर प्रमुख नटाची मेहनत वाया जाते. आपल्या वाट्याच्या लहानशा कामावर इतरांचे काम अवलंबून आहे, ही जाणीव त्याला तेथे होते.

वक्तृत्व, वादविवाद आणि वार्षिकांक

वक्तृत्व स्पर्धेत अनेकदा पाठ केलेले भाषण ऐकू येते. त्याचा उपयोग मर्यादित असतो. वादविवादाचे तसे नाही. प्रतिपक्ष काय म्हणतो ते लक्षपूर्वक ऐकल्याविना खंडन करता येत नाही. आपल्याला न पटणारी बाजू मांडायची वेळ आली, की त्या बाजूलाही काही आधार आहे हे उमगते. दिवसभर समाजमाध्यमांवर एकमेकांवर तुटून पडणाऱ्या पिढीला ऐकून घेण्याची ही सवय अधिकच गरजेची आहे.

महाविद्यालयाचा वार्षिकांक हे हल्ली सर्वांत दुर्लक्षित क्षेत्र. लेख मागवणे, आलेला लेख तपासणे, मित्राची कविता नाकारणे आणि ती का नाकारली हे त्याला न दुखावता सांगणे, मुद्रिते वाचणे, मुद्रकाला दिलेली तारीख पाळणे ही सारी कामे विद्यार्थी संपादकाला शिकवतात. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या आणि महाविद्यालयात इंग्रजीच्या वातावरणात काहीसा दबून गेलेल्या विद्यार्थ्याला वाङ्मय मंडळ व वार्षिकांक ही स्वतःचा आवाज परत मिळवून देणारी ठिकाणे ठरू शकतात.

भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ युवा महोत्सवात संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला या पाच विभागांत स्पर्धा होतात. त्यांत वादविवाद, प्रश्नमंजूषा, मूकनाट्य, नकला, रांगोळी, व्यंगचित्र, मातीकाम असे अनेक प्रकार असतात. एखाद्याच्या अंगी कोणता गुण लपलेला आहे हे ओळखण्यास ही यादी चाळणेही पुरेसे असते.

क्रीडा आणि निसर्ग

क्रीडेचे लाभ सर्वज्ञात आहेत. येथे एवढेच नमूद करावेसे वाटते, की संघात निवड होणाऱ्या मोजक्या खेळाडूंपलीकडे उरलेल्या शेकडो विद्यार्थ्यांसाठी संध्याकाळी मैदान खुले असणे हे चषकांइतकेच मोलाचे आहे.

निसर्ग मंडळांना गोव्यासारखी प्रयोगशाळा क्वचितच कुठे मिळेल. चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, बोंडला, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, मोले ही ठिकाणे राज्यातील बहुतेक महाविद्यालयांपासून एका दिवसाच्या अंतरावर आहेत. सहलीपलीकडे जाऊन काही करायचे असेल तर त्यालाही वाव आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या स्तरावर लोक जैवविविधता नोंदवही ठेवली जाते. आपल्या गावातील वनस्पती, भातांची जुनी वाणे, मासे आणि त्यांची स्थानिक नावे आजी-आजोबांना विचारून टिपून घेण्याचे काम विद्यार्थी उत्तम प्रकारे करू शकतात. त्यातून विज्ञानाचा अभ्यास होतो आणि घरातील वृद्धांशी संवादही घडतो.

श्रेयांकांचे नवे पर्व

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा जाहीर केला. गोव्यात पदवीस्तरावर त्याची अंमलबजावणी २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाली. या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीसाठी १६० श्रेयांक ठेवले आहेत. त्यांपैकी ६ ते ८ श्रेयांक मूल्यवर्धित अभ्यासक्रमांना आहेत आणि योग, क्रीडा व शारीरिक सुदृढता यांना त्यात स्थान मिळाले आहे. समाजसेवा वा क्षेत्रकार्यासाठी पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला दोन तास, म्हणजे एकूण ३० तास, असे एका श्रेयांकाचे गणित आहे. छात्रसेना हा निवडीचा, श्रेयांकप्राप्त विषय म्हणून स्वीकारावा, असे आयोगाने २०२१ मध्येच विद्यापीठांना सुचवले होते. कोणत्या उपक्रमाला किती श्रेयांक मिळतात हे आपल्या महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

या बदलाचे स्वागतच केले पाहिजे. ‘हे अभ्यासात धरतात का?’ या प्रश्नाला आता ‘होय’ असे उत्तर देता येते. ज्या घरात मुलीने शिबिराला सात दिवस बाहेर राहणे पसंत नव्हते, त्या घरातही श्रेयांकाच्या आधारे परवानगी मिळवणे सुलभ झाले आहे.

तथापि यात एक धोका आहे. श्रेयांक आले की हजेरीपत्रक येते आणि हजेरीपत्रक आले की काम हजेरीपुरते उरते. समुद्रकिनारी झाडू हाती घेऊन छायाचित्र काढले, नोंदवहीत दोन तास लिहिले आणि परतले, असे होऊ लागले तर विद्यार्थ्याच्या पदरी श्रेयांक पडतील, त्याच्यात बदल मात्र काहीच होणार नाही. सक्तीच्या छात्रसेनेचे पर्व पाच वर्षांत संपले, हा इतिहास आपल्यासमोर आहे. म्हणून श्रेयांक देताना तासांबरोबर कामाची विचारणाही व्हावी. काय केले, काय अडले, पुढच्या वेळी काय वेगळे करशील, हे तीन प्रश्न प्राध्यापकांनी प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडी विचारले, तरी बरेच साधेल.

शेवटची बस

या विषयाची चर्चा करताना एक प्रश्न सहसा दुर्लक्षित राहतो. तालमी, बैठका, सराव हे सारे बहुतांशी तासिका संपल्यानंतर, म्हणजे दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी होते. पणजी, मडगाव वा म्हापसा शहरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात अडचण नसते. सत्तरी, काणकोण, सांगे वा पेडण्याच्या आतल्या गावातून येणाऱ्याचे लक्ष मात्र घड्याळाकडे असते. गावाकडची शेवटची बस चुकली तर घरी पोहोचायचे कसे? जे विद्यार्थी संध्याकाळी दुकानात वा हॉटेलात काम करून शुल्काची तजवीज करतात, त्यांची स्थितीही अशीच. परिणामी ज्यांना आधीच संधी अधिक, तेच उपक्रमांत पुढे दिसतात आणि ज्यांना आत्मविश्वासाची खरी गरज आहे ते सूचनाफलक वाचून निघून जातात.

यावर उपाय फार खर्चिक नाहीत. आठवड्याच्या वेळापत्रकात भर दिवसा एक दुपार सर्व उपक्रमांसाठी राखून ठेवता येईल. शनिवारी सकाळी तालमी घेता येतील. पथकाची कामे विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या गावात नेता येतील. वर्षारंभी दूरच्या विद्यार्थ्यांच्या बसच्या वेळा विचारून घेणे ही तर केवळ आस्थेची बाब आहे. उपक्रमांना श्रेयांक मिळत असताना त्यांत सहभागी होण्याची संधी बसच्या वेळेवर अवलंबून राहणे न्याय्य नाही. ही जबाबदारी महाविद्यालयांनी स्वीकारावयास हवी.

निवड कशी करावी?

विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिल्या सत्रात दोन-तीन उपक्रमांत डोकावून पाहावे आणि दुसऱ्या सत्रापासून एकच निवडावा. पाच मंडळांत नाव असण्यापेक्षा एका ठिकाणी तीन वर्षे टिकून राहणे श्रेयस्कर. पहिल्या वर्षी सांगितलेले काम करावे, दुसऱ्या वर्षी एखादी जबाबदारी मागून घ्यावी आणि तिसऱ्या वर्षी नवागतांना शिकवावे. खरी वाढ या तिसऱ्या पायरीवर होते.

आपल्याला जे सहज जमते त्याऐवजी ज्याची किंचित भीती वाटते त्याचा विचार करावा. अबोल विद्यार्थ्याने वादविवाद ऐकायला तरी बसावे, बोलक्याने शिबिरात स्वयंपाकाची जबाबदारी घ्यावी.

वेळेचा हिशेब लेखी ठेवावा. आठवड्याला चार ते सहा तास ही बहुतेकांना झेपणारी मर्यादा आहे. परीक्षेपूर्वीचे तीन-चार आठवडे मोकळे राहतील असे आधीच सांगून ठेवावे. अभ्यास मागे पडत असेल तर काही काळ थांबण्यात कमीपणा नाही.

प्रमाणपत्रांच्या संचिकेसोबत एक साधी वही ठेवावी आणि प्रत्येक कामानंतर चार ओळी लिहाव्यात. पुढे नोकरीच्या मुलाखतीत ‘नेतृत्वगुण आहेत’ असे म्हणणारे अनेक असतात. ‘पन्नास जणांच्या शिबिराचा शिधा मी सांभाळला, पहिल्या दिवशी अंदाज चुकला, दुसऱ्या दिवशी असा सुधारला’ असे सांगू शकणारा उमेदवार लक्षात राहतो.

पालकांनी ‘किती गुण मिळाले?’ या प्रश्नासोबत ‘आज तालमीत काय झाले?’ असेही अधूनमधून विचारावे. सूचनाफलकावरील कागद पावसाच्या ओलीने लवकरच सैल होतील आणि नावनोंदणीच्या तारखाही निघून जातील. त्यापूर्वी एखाद्या यादीत आपले नाव लिहावे.